वाळूतली खुरपणी

आमच्याकडे दिवस उजाडायचा तो आबांच्या पहारीच्या आवाजानं. घरामागच्या उतारावर ते दगड उचकटायला लागले, की लोखंड दगडावर आपटल्याचा कोरडा ठणका थेट घरात ऐकू यायचा, आणि आई चुलीपुढून म्हणायची, "उठ गं कुसे, तुझा बाप डोंगराशी भांडाया लागला." पारनेरच्या पठारावरची आमची जमीन अशीच, उताराची आणि मुरमाड. चार सरी जोरात आल्या की माती निघाली ओढ्याला. ती अडवायची तर उताराला आडवी ताल घालायची, म्हणजे दगड रचून, त्यामागं माती चेपून, लांबच लांब बांध उभा करायचा. आबांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. खालची ताल पुरी होईस्तोवर वरची कुठंतरी फुटलेली असायची. फुटलेल्या जागी ते उकिडवे बसत, तळहातावर तंबाखू मळत, माती वाहून गेली त्या दिशेला बघत राहत. मग पहिला दगड उचलत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच वडील दगड वाहत असतात.

घरात माणसं चारच. आबा, आई, माझा थोरला भाऊ वसंता आणि मी. बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण, थंडीत हुलग्याचे शेंगोळे. भात सणाला, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. शेंगोळ्यांना लसणाची फोडणी बसली की दादा उतारावरून आपोआप खाली यायचा, त्याला हाक मारावी लागत नसे. तो बोलायला कमी. आबांच्या बरोबरीनं तो दगड लावायचा, आणि त्यानं लावलेला दगड हलायचा नाही, हे आबा दुसऱ्यांना सांगायचे, त्याला कधी सांगितलं नाही. आमच्याकडे मुलाचं कौतुक तोंडावर करण्याची पद्धतच नव्हती. मला आज वाटतं, तेवढं एक वाक्य बोलले असते तर काही बिघडलं नसतं. पण आजच्या डोळ्यांनी बापाला जोखणं सोपं असतं.

दादा मॅट्रिक झाला आणि नगरला वनरक्षकांच्या भरतीत जाऊन शर्यत पळून आला. पळणं त्याला नवं नव्हतं, आमचं सगळं गाव चढावरच आहे. निवड झाली आणि नेमणूक निघाली पार कोकणात, समुद्राकाठच्या एका राखीव वनात. आबांना वाटलं, पोरगं दोन महिने खारं वारं खाईल आणि परत येईल. ते परत आलं नाही. एकदा दिवाळीला आलं, काळं पडून, आणि आल्यापासून परत जायच्या गाडीचं बोलू लागलं. आबा त्याच्या नोकरीला 'वाळू राखायची चाकरी' म्हणायचे. "वाळू कोन चोरून नेतंय," असं पारावर म्हणायचे आणि लोक हसायचे. दादा गेला, कायमचा, त्याला आता वर्ष होईल. भिंगारच्या माझ्या खोलीत बसून मी हे लिहिते आहे, कारण त्या वाळूबद्दल सांगणारं आता घरात दुसरं कुणी उरलेलं नाही. बाहेर एसटीचा कंडक्टर अजूनही 'नगर, नगर' असंच ओरडतो. पाटीवरचं नाव बदललं, तोंडातलं बदलायला वेळ लागतो. माझंही तसंच आहे. दादाला 'होता' म्हणायला जीभ वळत नाही.

मी आठवीत असेन. त्या साली आबा तालीवरून दगडासकट खाली आले. हाड मोडलं नाही, पण कंबर बसली ती बसलीच. उभे राहिले तरी अर्धे वाकलेले दिसायचे. पहार उचलायची म्हटली की तोंडातून आवाज निघायचा, आणि तो आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून ते खाकरायचे. तालीची एक मोठी फूट तशीच पडून राहिली. आई रोज पाण्याला जाताना त्या फुटीकडे न बघता जायची. मग एका संध्याकाळी आबा पारावर सगळ्यांसमोर बोलून आले, "पाडव्याच्या आत पोराला घेऊन येतो. औंदा नांगर त्योच धरनार." पारावर बोललेलं मागं घेता येत नाही, हे गावात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. आईनं त्या रात्री चुलीवर दूध तापवून त्यात पीठ मळलं आणि प्रवासाच्या दशम्या करायला घेतल्या.

इथं आमच्या भावकीतली एक रीत सांगायला हवी. सासरी नांदणाऱ्या मुलीला माहेरी न्यायला भाऊ किंवा बाप जातो, त्याला मुराळी म्हणतात. आमच्याकडचा मुराळी पाहुणचार झोडत बसत नसे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो सासरच्यांच्या रानात उतरायचा आणि मुलीच्या वाट्याचं जे काम पडलेलं असेल, खुरपणी म्हणा, वेचणी म्हणा, ते उरकून द्यायचा. काम उरकलं की सासूच्या तोंडी 'नाही' म्हणायला जागा उरत नसे. मुलगी त्या दिवशी निघायची. आबांनी स्वतःच्या तीन बहिणी अशा आणल्या होत्या. आम्ही निघालो तेव्हा आईनं पिशवीत पीठ, चटणी, शेंगा भरल्या, आणि आबांनी त्याच पिशवीत तीन खुरपी घातली. मी विचारलं, "आबा, तिकडं खुरपी कशाला?" ते म्हणाले, "तुला काय करायचंय. वझं तू घेनार हाय का?" ओझं मीच घेतलं होतं.

पुण्याहून पुढचा घाट उतरताना आईनं डोळे मिटून घेतले ते खाली पोचेपर्यंत उघडले नाहीत. दशम्या संपल्या तेव्हा हवा बदलली, अंगाला चिकटायला लागली. शेवटच्या थांब्यावर दादा उभा होता, खाकी कपड्यांत. आई त्याला पोटाशी धरून रडली आणि मग त्याच्या दंडाला हात लावून बघू लागली, बैल घेताना बघतात तसं. आबांनी फक्त विचारलं, "किती चालायचंय?" थोडं चालल्यावर आम्ही झाडांत शिरलो. ते सुरूचं बन होतं. पानं म्हणाल तर नाहीत, नुसते हिरवे केस लोंबकळावेत तसे. खाली वाळलेल्या काड्यांची गादी, पाय टाकला तरी आवाज नाही. आवाज सगळा वर. वारा नसतानाही त्या झाडांत काहीतरी सूं सूं चाललेलं. एकही माणूस नाही, गाय नाही, कुत्रं नाही. आमच्या पठारावरही शांतता असते, पण तिच्यात कुठंतरी कुणीतरी कुणाला हाक मारत असतं. ही शांतता वेगळी होती. मी नकळत हळू बोलायला लागले, आणि आई तर देवळात चालावी तशी चालत होती.

बन संपलं तिथं वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. तो मी पहिल्यांदा पाहिला आणि मला भीती वाटली. एवढं पाणी आणि त्याला एकही बांध नाही. आईनं लांबूनच हात जोडले. आबांनी मात्र समुद्राकडे एकदा बघितलं आणि पाठ केली. ते वाकले, मूठभर वाळू उचलली, बोटांतून गळू दिली. "ह्यात काय पिकनार," असं म्हणाले. दादा हसला. "उद्या समदं दाखवतो आबा. आज दमलाय तुमी." त्याची खोली बनाच्या कडेला होती. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला टांगलेला कंदील, कोपऱ्यात भाताचं पातेलं. रोज दोन्ही वेळा भात खातो हे ऐकून आईला वाटलं, पोरगं सतत आजारीच आहे. परात नव्हती म्हणून तिनं पातेल्याच्या झाकणावर भाकऱ्या थापल्या. दादा खाली मान घालून खात राहिला, एकापाठोपाठ एक, आणि आई थापत राहिली. पीठ चार दिवसांचं होतं, त्यातलं निम्मं त्या एका बैठकीत संपलं. आईच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काहीतरी होतं. तिला वाटलं असावं, जो असा भाकरीवर तुटून पडतो तो येणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी हाक मारत आलं, बनाच्या दुसऱ्या टोकाला झाडं तोडल्याची खूण दिसली म्हणून. दादा तसाच पायांत चपला सरकवून निघाला. जाताना सांगून गेला, "मी दुपारपतूर येतो. कुठं जाऊ नगा, भुलाल." आम्ही कुठं गेलो नाही. खोलीच्या समोरच, समुद्राकडच्या टेकडीवर, त्यानं सुरूची नवी रोपं लावलेली होती, गुडघ्याएवढी. आबा काठी टेकत तिथं गेले आणि बराच वेळ उभे राहिले. रोपांच्या मध्ये, रोपांच्या अंगावर, सगळीकडे एक वेल पसरला होता. पानं आपट्यासारखी, जाड, फुलं जांभळी. लांबच लांब दोर वाळूवर धावत गेलेले आणि पेरापेराला मुळं सोडलेली. जोडीला एक गवत, सुईसारखं टोचणारं. आबांनी मान हलवली. "बघ," ते आईला म्हणाले, "रोपं लावली आन् तन मोकळं सोडलं. ह्ये काय पोराचं काम न्हाई. एकटा जीव, किती बघनार." मग त्यांनी मला खोलीतून खुरपी आणायला लावली. आणि हलक्या आवाजात, जणू झाडांनी ऐकू नये असं, आईला म्हणाले, "त्येचं काम उरकून देऊ. म्हंजी निघाया मोकळा."

तेव्हा मला खुरप्यांचं कोडं उलगडलं. आबा मुराळी होऊन आले होते. सासर म्हणजे सरकार, आणि नांदायला गेलेला त्यांचा एकुलता एक मुलगा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं पदर खोचला.

आम्ही तिघं मातीत जन्मलेली माणसं. रोपाभोवतीचं तण दिसलं की आमचा हात थांबत नाही. आणि वाळूतली खुरपणी इतकी सोपी, की मला हसू येत होतं. आमच्या मुरमात एक हरळीचं मूळ काढायचं तर बोटं सोलवटतात, इथं दोर धरून ओढला की सरसर सगळा वेल हातात. आबा बसून सरकत होते, कंबर विसरून. किती दिवसांनी त्यांना काम जमत होतं. आईला त्या गवतानं टोचलं तर ती त्याला शिव्या देत होती, पण आनंदानं. उपटलेल्या वेलाचे तिनं भारे बांधले, सुरूच्या सावलीत नेऊन ठेवले आणि वर पाणी शिंपडलं. "एवढा हिरवा पाला," ती म्हणाली, "आपल्या गाईला न्यायला आला असता तर." ऊन चढलं तेव्हा टेकडीचा तो सगळा पट्टा खळ्यासारखा चकचकीत झाला होता. पांढरी वाळू आणि तिच्यात रांगेनं उभी हिरवी रोपं. आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आता दिसतंय कसं." मला अभिमान वाटला. अजून आठवतो तो अभिमान, आणि अजून तितकाच बोचतो.

दादा बनातून बाहेर आला तो थांबलाच. तो ओरडेल असं मला का वाटलं कोण जाणे, त्याच्या तोंडावर राग नव्हता. ताल फुटल्यावर आबा ज्या नजरेनं बघायचे तीच नजर होती. तो हळूच खाली बसला आणि मोकळ्या वाळूवर हात फिरवला. त्याला रीत ठाऊक होती. तीन खुरपी आणि साफ केलेला पट्टा बघून त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"मुराळी म्हनून आलायसा व्हय आबा," तो म्हणाला.

"व्हय," आबा म्हणाले. "तुजं काम उरकलंय. साहेबाला सांग, आन् चल."

दादानं वर बघितलं. समुद्राकडून वारं सुटायला लागलं होतं, तिथं ते दुपारीच सुटतं. "आबा," तो म्हणाला, "हितं ह्ये तन न्हाई. ह्येच पीक हाय."

आबांना ते कळलं नाही. मलाही नाही. पण त्याला फार बोलावं लागलं नाही, कारण वारं बोलायला लागलं. आधी पायांना बारीक काहीतरी टोचल्यासारखं झालं. मग त्या साफ पट्ट्यावरून पांढरा धूर निघावा तशी वाळू सरकू लागली, जमिनीलगत, न थांबता. आजूबाजूला जिथं वेल होता तिथं काही हलत नव्हतं. फक्त आम्ही खुरपलेला तेवढाच तुकडा चालायला लागला होता. बघता बघता एका रोपाची मुळं उघडी पडली. पलीकडचं रोप शेंड्यापर्यंत बुडत चाललं. आईनं धावत जाऊन त्या रोपाभोवती पदर धरला, लहान मुलाच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून धरतात तसा, आणि पदराला वाळूचा ढीग लागला. आबा हातातलं खुरपं घेऊन नुसते उभे होते. माती पाण्यानं जाते हे त्यांना ठाऊक होतं. ती वाऱ्यानं, पाऊस नसताना, डोळ्यांदेखत जाते हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"ही जाती कुठं?" त्यांनी विचारलं.

दादा त्यांना टेकडीच्या मागं घेऊन गेला. मीही गेले. तिथं वाळूतून एक दाराची चौकट वर आली होती, म्हणजे चौकटीचा वरचा हात तेवढा. बाकी घर खाली होतं. थोडं पुढं एका विहिरीचा काठ दिसत होता, आत पाण्याच्या जागी वाळू. त्याच्या पलीकडे नारळाची झाडं, कौलं, धूर, माणसांचे आवाज, नांदतं गाव. दादा म्हणाला, "ह्ये बन नव्हतं तवा वाळू घरात शिरायची. लोक सकाळी दार उघडून फावड्यानं बाहेर काढायचे. ही चौकट सोडून ते लोक गेले. मी आल्यापासून वाळू एक पाऊल पुढं येऊ दिली न्हाई." एवढं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आबांनी चौकटीवर हात ठेवला. लाकूड चांगलं होतं, सागाचं. ते कितीतरी वेळ त्या लाकडावरून बोटं फिरवत राहिले, आणि मग एकदम वळले. "अगं," ते आईला लांबूनच ओरडले, "त्यो पाला सुकू दिऊ नगंस."

आईची काटकसर त्या दिवशी कामी आली. गाईच्या चाऱ्यासारखे बांधून सावलीत ठेवलेले, पाणी शिंपडलेले ते भारे अजून ताजे होते. आम्ही दोर पुन्हा पसरले, पेरापेरावर ओली वाळू दाबली. दादा आणि मी खोलीमागच्या विहिरीवरून घागरी आणत होतो. वारं काही थांबेना. लावलेला वेल उडत होता, पुन्हा लावत होतो. तेव्हा आबांनी सुरूच्या वाळलेल्या फांद्या ओढून आणल्या आणि वाऱ्याला आडव्या, ओळीनं, थोड्या थोड्या अंतरावर रोवायला सुरुवात केली. मागं झावळ्या टेकवल्या. कुठं फट ठेवायची, कुठं घट्ट करायची, हे ते दादाला विचारत होते आणि दादा सांगत होता. आबांनी मुलाला काही विचारलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते वाळूत तालच घालत होते. आज आमच्या त्या उतारावर जेसीबीनं घातलेले बांध आहेत, आबांच्या ताली त्याखाली कुठंतरी गेल्या. वाळूतली ताल तर वर्षभरही टिकली नसेल. पण गेल्या हिवाळ्यात मी दादाच्या मुलाबरोबर तिथं जाऊन आले, तर टेकडीवर वेल असा माजला आहे की वाळू दिसत नाही, आणि सुरूच्या बनात तीच ती शांतता. कडेला पाटी आहे, आत गाडी नेऊ नये म्हणून. मी चपला काढून चालले. का काढल्या ते भाच्याला सांगता आलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस आम्ही तेच काम केलं. पहाटे पाणी, दुपारी वाऱ्याशी झटापट, संध्याकाळी भात. पीठ संपलं होतं. दादाला न्यायचं बोलणं कुणीच काढलं नाही. आई आबांकडे बघायची, आबा वाळूकडे. पण दादा सगळं बघत होता. आबा खाली बसले की उठताना दोन्ही हात जमिनीला टेकतात, घागर उचलताना खाकरतात, भिंतीला धरून खोलीत येतात, हे त्यानं पाहिलं. गावाहून कुणीतरी त्याला 'पडले, कंबर बसली' एवढंच कळवलं होतं. बसलेली कंबर कशी दिसते ते पाहिल्यावर त्याचं जेवण कमी झालं.

निघायच्या सकाळी तो खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात त्याची पत्र्याची ट्रंक होती. "मी येतो संगट," तो म्हणाला. "रजा टाकतो. मग फुडचं फुडं बघू." रजेचं ते नावापुरतं होतं, आम्हा सगळ्यांना कळत होतं. रजेवर जाणारा माणूस भिंतीवरचा कंदील उतरवून ट्रंकेत भरत नाही. आईनं तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, त्याची दृष्ट काढली. मला इतका आनंद झाला की मी ट्रंकेची एक कडी धरली आणि बनातून जवळजवळ पळत सुटले. आबा मागून येत होते. नव्या लागणीपाशी ते थांबले. वेलानं मुळं धरली होती की नाही कोण जाणे, वरून तो मलूल दिसत होता. आबांनी एका दोराला हलकेच ओढून बघितलं, तो थोडा हाताबरोबर आला. त्यांनी तो परत दाबला. 

गाडी आली. आई चढली, मी चढले, आम्ही खिडकीकडची जागा धरली. दादानं ट्रंक दारातून आत सरकवली आणि एक पाय पायरीवर ठेवला. आबा त्याच्या आधी चढून दारातच उभे होते. मला वाटलं, त्याला हात द्यायला थांबलेत. त्यांनी ट्रंक पायानं बाहेर ढकलली. ती खाली पडली आणि आत कंदिलाची काच फुटल्याचा आवाज झाला.

"उतर खाली," आबा म्हणाले.

"आबा..."

"उतर म्हनतो ना. ऊन चढाया लागलंय. वारं सुटायच्या आत पानी घाल जा."

आई जागेवरून ओरडली, "अवं, असं काय करता! येतंय की पोरगं आपल्या पायानं!" आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी दादाच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला मागं लोटलं, जोरात नाही, पण उतरावंच लागेल इतपत. कंडक्टरनं घंटी मारली. मी मागच्या काचेतून बघत होते. दादा ट्रंकेजवळ उभा होता. गाडी वळणावर आली तेव्हा त्यानं ट्रंक तिथंच टाकली आणि तो बनाकडे निघाला. आधी चालत, मग पळत.

गाडीतली माणसं आमच्याकडे बघत होती. आई पदर तोंडात धरून हमसत होती. घाट लागला तेव्हा ती आबांकडे न बघताच बोलली. "पारावर काय सांगनार हाय आता? आन् आपल्या तालींकडं कोन बघनार?"

"मी हाय की अजून," आबा म्हणाले. समोरच्या सीटची दांडी धरून ते ताठ बसायला गेले. ते जमलं नाही. मग त्यांनी उपरण्यात तोंड घातलं आणि सगळ्या गाडीसमोर मोठ्यानं रडले.